जयवंताच्या नावावरची पुस्तकं

जयवंता माळिणीला वाचता येत नव्हतं, आणि तरी सन बत्तीस-तेहेतीसच्या सुमाराला अमरावतीच्या लोकहित वाचनालयातून सगळ्यांत जास्त पुस्तकं तिच्याच नावावर बाहेर गेली. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी तिच्या टोपलीपासून सांगावं लागेल.

बडनेऱ्याच्या वाटेवर तिच्या सासरचा मळा होता. एक विहीर, एक मोट, तीन एकराचा तुकडा. अठरा साली मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा सूर्यभान गेला, त्याच आठवड्यात सासूही गेली. शकुन तेव्हा दीड वर्षाची, अंगावर पिणारी. दिरानं मळा सांभाळला आणि विकायचं काम जयवंतावर आलं. तेव्हापासून रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन ती अंबागेटातून शहराच्या परकोटाच्या आत शिरायची. "घ्या वो माय, सांबार घ्या, चिवळ घ्या, पालक घ्या," अशी कोथिंबिरीला सांबार म्हणणारी तिची वऱ्हाडी हाक गल्लीच्या टोकाला उठली की आतल्या बायका सूप घेऊन मागच्या दारी यायच्या. कोणत्या घरी अंबाडी चालत नाही, कोणत्या घरी बाळंतीण आहे, कुठल्या सासूला वांगं वर्ज्य आहे, सगळं तिला पाठ. शकुनचं लग्न तिनं वेळेवर करून दिलं होतं, लांब शेंदूरजनाघाटला, संत्र्यांच्या बागा असलेल्या घरात. लेक सुखात होती म्हणतात. म्हणतात असं जयवंताच म्हणायची, कारण निरोप येणार तो तिसऱ्याच्या तोंडून, तोही सहा-सहा महिन्यांनी.

वाचनालयाचे ग्रंथपाल केशवराव परकोटाच्या आतच राहत. सडसडीत, मितभाषी माणूस. त्यांनी मोठ्या हौसेनं दर बुधवारी दुपारी बायकांसाठी वाचनालय राखून ठेवलं होतं. पुरुषांना बाहेर काढायचं, सतरंजी अंथरायची, दाराला पडदा लावायचा, माठात पाणी भरून ठेवायचं. तीन महिने झाले तरी पडद्याआड एकटी त्यांची बायकोच येऊन बसे, आणि तीही वाती वळत. एका बुधवारी ती म्हणाली, "अहो, बायका इथवर यायच्या नाहीत. रस्त्यावरून पुस्तक हातात घेऊन कोण चालेल? पण प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी जाणारी एक बाई आहे या गावात. तिला विचारा."

दुसऱ्या दिवशी केशवराव स्वतः आपल्या घराच्या मागच्या दारी आले. जयवंता पालकाच्या जुड्या मोकळ्या करत होती. घरधनी भाजी घ्यायला आलेला बघून ती बिचकलीच.

"जयवंता, टोपलीतून पुस्तकं नेशील का?"

"इकाले?"

"विकायला नाही. वाचायला द्यायची. आठ दिवसांनी परत आणायची, दुसरी न्यायची. वाचनालय तुला महिन्याला काही देईल."

जयवंतानं टोपलीकडं पाहिलं. "पुस्तक नेईन, जी. पण भाजी वली रायते. कागद भिजन नं."

केशवरावांना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी मेणकापडाची पिशवी शिवून घेतली. पुस्तकं पिशवीत, पिशवी टोपलीच्या तळाशी, आणि वर भाजी.

नावं वाचता येत नाहीत तर कोणाचं पुस्तक कोणतं हे कळायचं कसं? तेही तिनंच काढलं. प्रत्येक घराचा एक दोरा. सराफ्यातल्या रुख्मिणीचा लाल, वकिलांच्या आईचा पिवळा, शाळेमागच्या दोघी जावांचा हिरवा आणि काळा पिळून केलेला. पुस्तकाला दोरा गुंडाळला की झालं. एकदासुद्धा तिनं एकाचं दुसऱ्याला दिलं नाही. वाचनालयाच्या कमिटीतले लोक आधी हसले. भाजीपाल्याचं वाचनालय म्हणाले. पण दिवाळीपर्यंत एकोणीस घरं झाली आणि उन्हाळ्यापर्यंत तिसावर गेली. नातसुनेला सांगून पुस्तक मागवणारी म्हातारी होती, सासरा झोपल्यावर चुलीपुढं वाचणारी सून होती, आणि पुस्तक घेऊन नुसती चित्रं बघणारी एक मुकी मुलगीही होती.

खुशालरावांचं घर या तिसांत नव्हतं. खुशालरावांची काळ्या जमिनीची शेती नांदगावकडं होती आणि राहतं घर अमरावतीत. घरात त्यांच्या बायकोचा, पार्वताबाईंचा शब्द चालायचा, आणि बाईच्या हातात पुस्तक आलं की घरात अवदसा येते हा त्यांचा शब्द होता. जयवंता तिथं फक्त भाजी द्यायची.

त्या वर्षी खुशालरावांच्या धाकट्या मुलाची, देवीदासची, बायको नांदायला आली. नाव शालू. अकोल्याच्या सहदेव मास्तरांची मुलगी. सतरा वर्षांची असेल. पार्वताबाई दाराशी उकिडव्या बसून चिवळीचा भाव करत होत्या आणि शालू सूप घेऊन मागं उभी होती. पार्वताबाई सुटे पैसे आणायला आत गेल्या. शालूनं भाजी काढायला हात घातला, तो खाली मेणकापडाला लागला.

"हे काय आहे, मावशी?"

"पुस्तक हाये, बाई. दुसऱ्या घरचं."

शालूनं ते अर्धं बाहेर ओढलं. ओठ हलवत नाव वाचलं. घरातून जोडव्यांचा आवाज आला तशी तिनं ते परत खाली सारलं आणि वर चिवळ पसरली. जयवंतानं ते पाहिलं आणि उरलेली चिवळ नीट वर लावून दिली.

दुसऱ्या दिवशी सूप पुढं करताना शालू हळूच म्हणाली, "मावशी, मले आणशीन काय? एकच."

जयवंता त्याच दुपारी वाचनालयात गेली. केशवरावांनी चष्मा काढला. "सभासदाची सही लागते. घरच्या माणसाची संमती लागते. खुशालराव कमिटीतल्या दोघांचे स्नेही आहेत. त्यांच्या सुनेचं नाव मी वहीत कसं लिहू?"

"तिचं नका लेहू. माहं लेहा."

"तुला वाचता येत नाही, जयवंता."

"मंग? टोपलीतली सारी भाजी मलेच खा लागते काय?"

केशवराव खूप दिवसांनी हसले. त्यांनी वही उघडली आणि जयवंता सूर्यभान माळी हे नाव लिहिलं. तिनं त्यापुढं अंगठा उठवला. स्वतःचं नाव कुठं लिहिलंय हेही जिला दाखवावं लागलं, अशी वाचनालयातली ती पहिलीच सभासद.

शालूसाठी तिनं निळा दोरा घेतला. शालू आठवड्याला एक पुस्तक वाचायची, मग दोन. कुठं वाचायची, केव्हा वाचायची, जयवंतानं विचारलं नाही. पुस्तक परत देताना शालू त्याचं नाव आणि दोन-चार वाक्यांत त्यातली गोष्ट सांगायची. जयवंता ती गोष्ट ऐकत पुढच्या घरी जायची आणि तिथं सांगायची, बाजारात सांगायची, आणि आठवडाभरात ती गोष्ट अंबागेटापासून भाजीबाजारापर्यंत फिरून यायची. कधी कधी तिची अखेर बदललेली असायची. "लोकाईले मरण नाई आवडत, बाई," असं ती शालूला सांगायची. "म्या त्या राणीले जितीच ठेवली."

एक दिवस जयवंता म्हणाली, "माह्या शकुनले एक कार्ड लेहून देशीन काय?"

शालूनं लिहून दिलं. मग म्हणाली, "पुढचं तूच लेहजो. मी शिकवतो तुले."

"आता? माहे केस पिकून राहिले."

"पिकू दे."

शिकवायला वेळ तो भाजीच्या भावाचा. शालूनं घासाघीस सुरू केली. दोन जुड्या तीन पैशाला की तीन, यावर ती एवढा घोळ घालायची की आतून पार्वताबाईंना वाटे, सून संसारात मुरली. आणि तो घोळ चालू असताना शालू कोळशानं दाराच्या फरशीवर अक्षर काढायची. ज काढला. मग य. जयवंता बोट त्यावरून फिरवायची आणि जाताना ओल्या पालकाच्या जुडीनं फरशी पुसून टाकायची. जोडाक्षरांपाशी ती महिनाभर अडून बसली. शकुनच्या नावात जोडाक्षर नाही याचा तिला आनंद झाला होता. त्या साली पोळ्याच्या आधी तिनं स्वतःच्या हातानं कार्डावर चार ओळी लिहिल्या. मी बरी आहे, तू बरी अस, गाय व्याली, पाऊस आला. शकुननं ते कार्ड कोणाकडून तरी वाचून घेतलं असेल.

चौतीस साली शालूला मूल झालं. मुलगा. अकराव्या दिवशी गेला. बारशाची तयारी झाली होती.

सुतक फिटल्यावर जयवंता दाराशी गेली तेव्हा शालू भिंतीला टेकून बसली होती. तिनं गोष्टीचं पुस्तक मागितलं नाही. म्हणाली, "लहान लेकरांच्या दुखण्याचं एखादं पुस्तक अशीन, तर आण."

जयवंतानं केशवरावांना विचारून ते आणून दिलं. आठ दिवसांनी शालूनं ते परत केलं. ते देताना म्हणाली, "मावशी, हे आधी आणाले पायजे होतं."

मागितलं असतं तर आणलं असतं, असं म्हणायचं जयवंताच्या ओठांवर आलं होतं. पण असं पुस्तक असतं हेच दोघींना आधी माहीत नव्हतं. ती पुढच्या घरी गेली आणि त्या दिवशी तिनं कोणाला गोष्ट सांगितली नाही.

त्या हिवाळ्यात शालूला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापायचं. वैद्याचे काढे झाले, मग सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आला, त्यानं छातीला नळी लावून ऐकलं आणि क्षय सांगितला. खुशालरावांनी तिची खाट मागच्या कोठ्याशेजारच्या खोलीत टाकली. ताट वेगळं, पाण्याचा गडवा वेगळा. आता ती दाराशी येत नव्हती. जयवंता भाजी देऊन झाली की वळसा घालून त्या खोलीच्या खिडकीशी जायची आणि गजांतून पुस्तक आत सारायची. निळा दोरा तोच. शालू खोकल्याची उबळ आली की पुस्तक उशाखाली दडवायची.

एक दिवस उशाखालून ते पार्वताबाईंच्या हाती लागलं. जयवंता दुसऱ्या दिवशी दाराशी आली तेव्हा त्या पुस्तक पदरात धरून उभ्या होत्या, सरळ हात लावायलाही नको म्हणून.

"हे तूच आणून देलं नं?"

"हो, जी."

"किती दिसापासून?"

"अडीच वर्सं झाले असतीन."

पार्वताबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोण्या कोण्या घरचं हुंगून, थुकी लावून आलेलं माह्या घरात आणलं तू. माही सून चांगली आली होती अकोल्याहून. तुहं वाईट काय केलं होतं आमी?"

जयवंता उत्तर देणार होती. पण तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढं रुख्मिणीचा सासरा उभा राहिला. सराफ्यातल्या त्या ओट्यावर तो दिवसभर खोकत बसायचा. सुनेसाठी आलेलं पुस्तक आधी तो वाचायचा, अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान उलटत. मागच्या होळीला तो गेला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एकदा जयवंतानं रुख्मिणीच्या घरून घेतलेलं पुस्तक वाचनालयात न नेता थेट शालूला दिलं होतं. लाल दोरा काढून निळा बांधला होता. शालूला धीर नव्हता म्हणून. दोन गल्ल्यांचं अंतर, म्हणून.

ती टोपली उचलून गेली. त्या दिवशी निम्मी भाजी तशीच परत मळ्यात आली.

खुशालरावांनी कमिटीला पत्र धाडलं. बातमी परकोटात पसरायला एक दुपार पुरली. वकिलांच्या आईनं पुस्तक अंगणात ठेवून काठीनं जयवंताकडं ढकललं. शाळेमागच्या जावांनी दारच उघडलं नाही. केशवरावांनी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली. हा रोग श्वासातून जातो, पुस्तकातून जाईल असं वाटत नाही, पण खात्रीनं सांगता येत नाही, असं तीत लिहिलं होतं. कमिटीनं शेवटचं अर्धं वाक्य तेवढं वाचलं. टोपलीची योजना बंद झाली आणि त्या घरात जाऊन आलेली पुस्तकं जाळायचं ठरलं.

आता त्या घरात कोणती गेली हे वहीवरून कळेना, कारण ती सगळी जयवंताच्या नावावर होती. जयवंता स्वतःसाठी म्हणून इतर तीन-चार बायकांनाही त्याच नावावर पुस्तकं देत असे. कमिटीच्या एका गृहस्थानं तिलाच बोलावून घेतलं. कपाटांपुढं उभं करून म्हणाला, "दाखव."

जयवंता पहिल्यांदा वाचनालयाच्या कपाटांमध्ये शिरली. आता तिला नावं वाचता येत होती, सावकाश, बोट ठेवून. ती एकेक कप्पा वाचत गेली. केशवराव खुर्चीत बसून खाली बघत होते. एखादं चुकवलं तर चालेल, कोणाला कळणार नाही, हे तिच्याही मनात आलं असणार. पण तिच्या डोळ्यांपुढं रुख्मिणी होती, मुकी मुलगी होती. तिनं एकही चुकवलं नाही. एकशे त्रेपन्न पुस्तकं तिनं काढून दिली आणि शेवटी मुलांच्या दुखण्याचं ते पुस्तकही आणून वर ठेवलं.

मागच्या अंगणात ती जाळली. जाड पुठ्ठे लवकर पेटत नव्हते. केशवरावांनीच रॉकेल ओतलं.

दोन दिवसांनी जयवंतानं त्यांना वाटेत गाठलं. "भाऊसायब, खरं सांगा. तिले माह्या पुस्तकानं झालं काय?"

"नाही, जयवंता."

"डाक्तर तं खात्रीनं नाई म्हणत."

आणि उत्तराची वाट न बघता ती टोपली सावरून पुढं गेली.

शालूला फाल्गुनात अकोल्याला बापाकडं पाठवलं. खोकला आवरत नाही, घरात लहान मुलं येतात-जातात, असं कारण झालं. चैत्र लागला तेव्हा एका सकाळी देवीदास भाजीबाजारात आला. हा तरुण जयवंतानं दोन-चारदाच पाहिला होता, आणि बोलताना कधीच ऐकला नव्हता. तो तिच्या टोपलीपुढं उभा राहिला, वांगं हातात घेतलं, परत ठेवलं.

"तू अकोल्याले जाशीन काय?" तो म्हणाला. "तिकिटाचं मी पाहीन."

"तुमी काहून नाई जात, मालक?"

"बाबा जाऊ देत नाईत. रोग मले लागन म्हणतात, पण..." तो थांबला. मग म्हणाला, "मले माहीत होतं. पुस्तकाचं. पयल्या महिन्यापासून. रातच्याला कंदील मीच भरून ठेवत होतो."

जयवंता गेली. वाचनालयाचं पुस्तक मिळायचं नव्हतं, म्हणून केशवरावांनी घरातलं स्वतःचं दिलं. साधूबैराग्यांच्या सोबतीनं हिमालयात पायी गेलेल्या कोणाचं तरी प्रवासवर्णन होतं. अमरावतीहून बडनेरा, बडनेऱ्याला गाडी बदलून अकोला. मोर्णेच्या काठी, जुन्या शहरात सहदेव मास्तरांचं घर तिनं विचारत विचारत काढलं.

अंगणात निंबाखाली खाट होती. खाटेवर शालू होती, हे आधी तिला पटलंच नाही. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत गेली होती. मास्तर म्हणाले, "बाई, जरा लांब बसा. डॉक्टरनं सांगितलं आहे." जयवंता खाटेच्या पायाशी बसली.

"काय आणलं?" शालूनं विचारलं. आवाज कुजबुजीएवढाच.

जयवंतानं पुस्तक पिशवीतून काढलं. शालूला ते हातात धरवेना. छातीवर ठेवलं तर वजन सोसवेना.

"वाच तूच," शालू म्हणाली.

तिनं आजवर पोस्टकार्ड सोडून काही वाचलं नव्हतं. ती एकेका अक्षरावर थांबून वाचू लागली. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची, मग पुन्हा मागं जायची. शालू डोळे मिटून ऐकायची आणि अडलं की शब्द पुरवायची. दुपारी अकोल्याचं ऊन असं पेटलं होतं की निंबाची सावलीही भाजत होती, आणि जयवंता बर्फावरून चाललेल्या माणसांचं वाचत होती. बर्फ या शब्दाशी ती अडली.

"रफार आहे, मावशी. ब, र, फ."

"बर्फ. म्हणजे गारा?"

"गाराच. पण सारा डोंगर तसा. पांढरा, थंड." शालूनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "तेवढं पुन्हा वाच."

ते पान जयवंतानं तीन दिवसांत सहा वेळा वाचलं. शेवटी ते तिला न अडखळता येऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी तिनं शालूला सांगून टाकलं. रुख्मिणीचा सासरा, थुंकी, लाल दोरा, निळा दोरा, सगळं. सांगताना तिनं मान वर केली नाही. मास्तर आत पाणी तापवत होते, त्याची खळखळ ऐकू येत होती.

"कोणतं पुस्तक होतं ते?" शालूनं विचारलं.

जयवंतानं नाव सांगितलं.

"हां. ते मले लय आवडलं होतं." ती खोकली, थांबली. "तू सांगतलं असतं तरी मी घेतलंच असतं, मावशी."

यानं जयवंताचं मन हलकं झालं नाही. तिला वाटलं होतं, शालू रागावेल, तोंड फिरवेल, मग ती परतीच्या गाडीत रडून घेईल. तसंही झालं नाही. चौथ्या दिवशी भाजीसाठी तिला परतावं लागलं. निघताना शालूनं विचारलं, "शकुनचं कार्ड आलं?" आलं नव्हतं. जयवंतानं आलं म्हणून सांगितलं. पुस्तक तिथंच ठेवून ती स्टेशनवर आली.

बारा-तेरा दिवसांनी वाचनालयात तिच्या नावानं कार्ड आलं. मास्तरांना तिचा दुसरा पत्ता ठाऊक नव्हता. कार्ड उघडंच असतं, केशवरावांनी वाचलं होतं. त्यांनी माणूस धाडून तिला बोलावलं आणि पायरीवर बसवलं.

"मी वाचून दाखवू का?"

"द्या इकडं. मले येते."

तिनं कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि बोट लावलं. चिरंजीव शालू हिने तुमची आठवण काढली. पुढची ओळ. वद्य अष्टमीस सकाळी ती गेली. जयवंता तिथं थांबली. कुठं गेली, असं तिच्या मनात आलं. परत अमरावतीला आणली काय. म्हणून तिनं पुढं वाचलं, की पुढं गावाचं नाव असेल. पुढं होतं, पुस्तक आमच्याकडे आहे, परत पाठवितो, हे कार्ड वाचून फाडून टाकावे.

मग तिला कळलं.

केशवराव उभेच होते. मरणाची चिठ्ठी घरात ठेवायची नसते, म्हणून तिनं कार्ड फाडलं. चार तुकडे केले, मग आठ. ते तुकडे कुठं टाकायचे हे तिला कळेना. ती तशीच मुठीत धरून घरी गेली.

त्यानंतर तिची हाक रोजच्यासारखीच उठायची. भाजी तीच, गल्ल्याही त्याच. खुशालरावांच्या दाराशी ती थांबत नसे. आठ-दहा महिन्यांनी एक-दोन बायका हळूच विचारू लागल्या, पुस्तक नाही काय आता? रुख्मिणी तर दर आठवड्याला विचारायची. जयवंता नुसती मान हलवायची. रुख्मिणीच्या चेहऱ्याकडं ती बघत नसे. रुख्मिणीला काही झालेलं नव्हतं, ती ठणठणीत होती, आणि याचंही जयवंताला रोज नवल वाटे.

केशवराव पुढं नागपूरला गेले. एकेचाळीस साली नव्या कमिटीनं योजना पुन्हा सुरू केली. या वेळी आशाबाई नावाची शिक्षिका नेमली होती, तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती, आणि प्रत्येक पुस्तक आधी उन्हात ठेवायचं असा नियम होता. घरं दाखवायला जयवंतानं सोबत यावं, असं आशाबाईंनी सांगून पाठवलं. एक दिवस जयवंता गेली. दारांमागून दारं दाखवत गेली. बायका आता पुढच्या दारानं येत होत्या, वहीत सही करत होत्या.

खुशालरावांच्या घराशी ती थांबणार नव्हती, पण दारात पार्वताबाई बसल्या होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या. देवीदासची दुसरी बायको मागं उभी होती, कडेवर मूल. आशाबाईंनी नमस्कार केला आणि पुस्तकांचं सांगितलं. सून सासूकडं बघू लागली.

"घे व, घे," पार्वताबाई म्हणाल्या. "आता सारेच वाचतात."

सुनेनं पिशवीतलं वरचं पुस्तक उचललं. आशाबाईंनी वही पुढं केली, आणि तिनं त्यावर बेधडक आपलं नाव लिहिलं. पार्वताबाईंनी मग जयवंताकडं पाहिलं. काही बोलायचं होतं त्यांना, असं वाटलं. ओठ हलले. "चिवळ आहे काय आज?" त्यांनी विचारलं.

"नाई, जी. आज भाजी नाई आणली."

दुसऱ्या दिवशी जयवंतानं आशाबाईंना निरोप दिला की आता सगळी घरं तुम्हाला माहीत झाली. पुन्हा ती वाचनालयाकडं फिरकली नाही. गुडघे धरल्यावर टोपली दिराच्या सुनेला दिली आणि शकुनकडं शेंदूरजनाघाटला गेली. तिथं गल्लीतल्या बायकांची कार्डं ती वाचून द्यायची, लिहून द्यायची. तू कुठं शिकलीस, असं कोणी विचारलं की म्हणायची, अमरावतीला शिकली, भाजी विकता विकता. शकुनच्या लेकी हे ऐकून हसायच्या. शालूचं नाव तिनं तिथं कोणापुढं काढलं नाही. शकुनपुढंही नाही.